प्रयोगवहीत मायक्रोअँपिअरचा रकाना हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून चिपच्या बातम्या वरचेवर पहिल्या पानावर येतात. त्या वाचून विद्यार्थी आणि पालक विचारतात, या क्षेत्रात जायचं तर नेमकं काय शिकायचं? कारखाने उभे राहतील तेव्हा राहतील. पण वीस पायांची एक चिप, साधा मल्टिमीटर आणि एक बटण-सेल एवढ्या सामानावर या विद्येचा पाया आजच घालता येतो. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत तो घातला जात नाही, म्हणून हे पत्र.

बऱ्याच डिप्लोमा आणि पदवी अभ्यासक्रमांत मायक्रोकंट्रोलर (यंत्रात बसवायचा एका चिपमधला छोटा संगणक) म्हणजे अजूनही ८०५१. इंटेलने १९८०मध्ये आणलेली ही रचना शिकायला वाईट नाही. बिट, पोर्ट (बाहेरच्या तारा जोडायचे पाय), टायमर, इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारा इशारा) या कल्पना तिच्यावर चांगल्या समजतात. पण तिचं किट कायम अ‍ॅडॉप्टरवर असतं. वीज किती लागली हे विचारायची कुणावर वेळच येत नाही. नेहमीची ८९एस५२ चिप १२ मेगाहर्ट्झवर २५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकते. सीआर२०३२ या बटण-सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे कागदावरच्या हिशेबानेही तो नऊ तासांत संपेल. प्रत्यक्षात तेवढंही नाही, कारण या सेलला २५ मिलिअँपिअर झेपत नाहीत आणि ८९एस५२ला किमान ४ व्होल्ट लागतात. आता नाशिकच्या द्राक्षबागेत डाउनी या रोगाचा अंदाज घेण्यासाठी पानावरचा ओलावा मोजणारं यंत्र डोळ्यांसमोर आणा, किंवा इमारतीतलं पाण्याचं इलेक्ट्रॉनिक मीटर. तिथे प्लग नाही, आणि दर महिन्याला सेल बदलायला कुणी जाणार नाही. अशा यंत्रांचं प्रोग्रॅमिंग हे वेगळं कौशल्य आहे. ते येण्यासाठी कमी विजेवर चालणारा रिस्क, म्हणजे मोजक्या साध्या आज्ञांचा, प्रोसेसर शिकायला हवा, आणि तोही विजेच्या मोजमापासकट.

सुरुवातीला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एमएसपी४३० मालिका घ्यावी असं आम्ही सुचवतो. जर्मनीतल्या फ्रायझिंगमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सेलवर चालणाऱ्या मीटरसारख्या कामांसाठी ती घडली. त्यातली जी२५५३ ही चिप ब्रेडबोर्डवर बसते. आत १६ किलोबाइट फ्लॅश आणि ५१२ बाइट रॅम. १.८ ते ३.६ व्होल्टवर चालते. लाँचपॅड नावाचा या मालिकेचा बोर्ड २०१०मध्ये ४ डॉलर ३० सेंटला आला होता. यापेक्षा नव्या आणि ताकदवान चिप आज पुष्कळ आहेत, हे मान्य. पण हिची रचना एका माणसाच्या डोक्यात अख्खी मावते. शिकणाऱ्यासाठी हा गुण ताकदीपेक्षा मोठा आहे.

प्रोसेसर १६ बिटांचा, रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) १६, मूळ इन्स्ट्रक्शन, म्हणजे आज्ञा, फक्त २७. त्यातल्या १२ दोन ऑपरंडच्या (ज्यांवर क्रिया होते त्या आकड्यांच्या), ७ एका ऑपरंडच्या आणि ८ जंप, म्हणजे प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे उडी मारायच्या. आर०, आर१, आर२ ही रजिस्टर अनुक्रमे प्रोग्रॅम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते), स्टॅक पॉइंटर (स्टॅक या तात्पुरत्या साठवणीचं टोक) आणि स्टेटस (प्रोसेसरची स्थिती). आर३ मात्र साठवणीचं रजिस्टरच नाही. त्यातून ०, १, २ आणि उणे १ हे आकडे आयते मिळतात, ४ आणि ८ हे आर२मधून मिळतात. प्रोग्रॅममध्ये सर्वांत जास्त लागणारे आकडे हेच. ते मेमरीतून आणावे लागत नाहीत, म्हणून मेमरीतला एक शब्द (१६ बिट) आणि एक सायकल, म्हणजे क्लॉकचा एक ठोका, वाचते.

विद्यार्थ्याने कॉम्प्युटरला हात लावण्याआधी वही-पेन घेऊन हे उलगडून पाहावं. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात, ५३१५ हा शब्द घ्या. पहिला ५ म्हणजे बेरजेची इन्स्ट्रक्शन. ३ म्हणजे स्रोत आर३. पुढच्या १मध्ये अ‍ॅड्रेसिंगचा प्रकार आहे, आणि आर३ला या प्रकाराने विचारलं की उत्तर येतं १. शेवटचा ५ म्हणजे आर५. एकूण अर्थ, आर५मध्ये १ मिळवा. असेंब्लीत, म्हणजे इन्स्ट्रक्शन नावांनी लिहायच्या भाषेत, आपण ‘इन्क’ लिहितो, पण चिपमध्ये ‘इन्क’ नावाचं काहीच नाही, ती बेरीजच आहे. ४३०३ म्हणजे आर३मध्ये शून्य टाका. आर३ काही साठवत नाही, म्हणून ही झाली काहीच न करणारी ‘नॉप’. ४१३० म्हणजे स्टॅकवरचा शब्द उचलून आर०मध्ये ठेवा, आणि आर० हा प्रोग्रॅम काउंटर असल्यामुळे हीच सबरूटीनमधून (प्रोग्रॅमच्या उपभागातून) परतण्याची ‘रेट’. अशा २४ इन्स्ट्रक्शन असेंब्लर मूळ २७मधूनच बनवून देतो. हे तीन शब्द हाताने सोडवले की थोड्या इन्स्ट्रक्शनमध्ये सगळं काम कसं भागतं हे मुलांना आपोआप कळतं. फळ्यावर रिस्क आणि सिस्क (पुष्कळ गुंतागुंतीच्या इन्स्ट्रक्शनची रचना) असे दोन रकाने पाडून ते कळत नाही.

एक गोष्ट शिक्षकांनी लपवू नये. रिस्कच्या पुस्तकी व्याख्येत गणित फक्त रजिस्टरमध्ये चालतं आणि मेमरीशी संबंध केवळ लोड-स्टोअरचा, म्हणजे आणण्या-ठेवण्याचा, असतो. एमएसपी४३० ही अट पाळत नाही, मेमरीतल्या दोन जागांची बेरीज ती थेट करते. पण त्याची किंमत मोजावी लागते. रजिस्टर ते रजिस्टर बेरजेला १ सायकल, मेमरी ते मेमरी बेरजेला ६. दोन्ही बेरजांचे लूप चालवून एका पायावर निघणारा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहिला की फरक स्पष्ट दिसतो, आणि लोड-स्टोअरचा आग्रह कुठून आला तेही समजतं.

आता मुख्य विषय, झोप. कमी विजेचा प्रोग्रॅम म्हणजे बहुतेक वेळ झोपलेला प्रोग्रॅम. जी२५५३ ही १ मेगाहर्ट्झ आणि ३ व्होल्टवर जागी असताना सुमारे ३३० मायक्रोअँपिअर (मिलिअँपिअरचा हजारावा भाग) घेते. नुसता सीपीयू थांबवला, म्हणजे एलपीएम० या झोपेच्या पातळीत टाकली, की २.२ व्होल्टवर ५६. एलपीएम३मध्ये मुख्य क्लॉकही बंद होतो आणि ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल तेवढा चालू राहतो, तेव्हा ०.७. सगळंच बंद केलं, एलपीएम४, तर ०.१. आता हिशेब करा. कायम जागी ठेवली तर सीआर२०३२ सेल २८ दिवसांत संपतो. दर सेकंदाला १ मिलिसेकंद जागी होऊन पुन्हा झोपली तर सरासरी येते १ मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे कागदावर २५ वर्षं. इतक्या काळात सेल आपला आपणच उतरतो, चिपचा खर्च नगण्य ठरतो. चिप तीच, सेल तोच, फरक पडला प्रोग्रॅममुळे.

ही झोप ज्या पद्धतीने बांधली आहे ती या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट. झोपेचे चारही बिट स्टेटस रजिस्टरमध्येच आहेत. इंटरप्ट आला की चिप प्रोग्रॅम काउंटर आणि स्टेटस स्टॅकवर ठेवते आणि स्टेटस कोरं करते. झोपेचे बिट पुसले गेले, म्हणजे चिप जागी झाली. इंटरप्टचं काम संपून ‘रेटी’ (इंटरप्टमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन) आली की जुनं स्टेटस परत येतं, त्यासोबत झोपेचे बिटही येतात आणि चिप पुन्हा झोपते. वेगळं काही करावं लागत नाही. मुख्य प्रोग्रॅमला जागं ठेवायचं असेल तर इंटरप्ट रूटीनमध्ये स्टॅकवर ठेवलेल्या स्टेटसमधले ते बिट पुसायचे. सी भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहे, पण आधी असेंब्लीत एकदा स्वतः पुसून पाहावं. ज्याने ते केलं तो स्टॅक म्हणजे काय हे विसरत नाही.

इथेच एक चूक हमखास होते. मुख्य लूप आधी फ्लॅग, म्हणजे काम आल्याची खूण, तपासतो, काम नसेल तर झोपतो. तपासणं आणि झोपणं यांच्या मधल्या एक-दोन मायक्रोसेकंदांत इंटरप्ट आला तर फ्लॅग लागतो, पण प्रोग्रॅम ‘काम नाही’ असं आधीच ठरवून बसलेला असतो. तो झोपतो आणि ते काम पुढचा इंटरप्ट येईपर्यंत पडून राहतं. हा दोष हजारातून एकदा दिसतो, म्हणून टेबलावर सापडत नाही, शेतात सापडतो. उपाय असा: आधी इंटरप्ट बंद करा, मग फ्लॅग तपासा, आणि काम नसेल तर इंटरप्ट चालू करणारा बिट आणि झोपेचे बिट एकाच इन्स्ट्रक्शनने लावा. हे सगळे बिट एकाच रजिस्टरमध्ये आहेत, म्हणून ते जमतं. शिवाय तो फ्लॅग सीमध्ये ‘व्होलटाइल’ (किंमत कधीही बदलू शकते असा) म्हणून जाहीर करायचा, नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर कंपायलर त्याची मेमरीतली किंमत पुन्हा वाचतच नाही.

प्रवाह मोजायचा कसा? लाँचपॅडवर प्रोग्रॅमर आणि चिप यांच्यामध्ये जंपरची (काढता-घालता येणाऱ्या जोडण्यांची) रांग असते. प्रोग्रॅम टाकून झाला की ती सगळी रांग काढा, फक्त व्हीसीसीच्या (वीजपुरवठ्याच्या) जागी मीटर लावा. डीबगर (प्रोग्रॅम तपासायचं साधन) जोडलेला ठेवून घेतलेलं वाचन खोटं असतं, कारण तो चिपला नीट झोपू देत नाही. सिग्नलच्या तारांमधूनही वीज आत झिरपते. हा धोका काल्पनिक नाही. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली आर्म चिप सुरू झाली. तिचा खर्च मोजायला लावलेल्या मीटरने शून्य दाखवलं आणि चिप मात्र प्रोग्रॅम चालवत होती. शोध घेतल्यावर कळलं की बोर्डातल्या दोषामुळे तिला मुख्य पुरवठाच पोचत नव्हता. शेजारच्या सर्किटमधून सिग्नलच्या पायांवाटे येणाऱ्या विजेवर ती चालली होती. आज ज्याच्या मोबाइलमध्ये आर्म आहे अशा प्रत्येक विद्यार्थ्याला ही हकिकत सांगावी, आणि लगेच ते जंपर काढायला लावावेत.

साध्या मल्टिमीटरचीही मर्यादा ओळखायला हवी. २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये त्याच्या आत साधारण १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत येतो, २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये १ किलोओहमचा. चिपने जागी होऊन १ मिलिअँपिअर मागितला की १ किलोओहमवर १ व्होल्ट पडतो. सेल थोडा उतरलेला असेल तर चिप रिसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा रिसेट होते, आणि विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. त्यापेक्षा हे करा. पुरवठ्याच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांना जंपर लावून ठेवा. चिपच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. इलेक्ट्रोलिटिक नको, तो स्वतःच एखाद-दोन मायक्रोअँपिअर गळू शकतो. चिप सुरू होऊन झोपली की जंपर काढा आणि मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर रेझिस्टरच्या दोन टोकांना धरा. ७ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७ मायक्रोअँपिअर. शेवटचा अंक १० नॅनोअँपिअर सांगतो. महागडं उपकरण न घेता नॅनोअँपिअरपर्यंत पोचता येतं, हे कुठल्याही तालुक्याच्या पॉलिटेक्निकला परवडेल.

मोजायला लागलं की आकडाच दोष सांगतो. साधारण ८५ मायक्रोअँपिअर जास्त दिसले तर आतला पुल-अप (पायाला पुरवठ्याशी जोडणारा रेझिस्टर) चालू असलेला एखादा पाय ग्राउंडला गेला आहे, कारण ३ व्होल्ट भागिले ३५ किलोओहम म्हणजे तेवढेच. २५०च्या आसपास जास्त असेल तर एडीसीचा (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाचा) व्होल्टेज रेफरन्स मोजणीनंतर बंद केलेला नाही. दोन-तीन मिलिअँपिअर म्हणजे एलईडी पेटलेला राहिला. ५०-६० म्हणजे एलपीएम३ लिहायचं ते एलपीएम० लिहिलं. आणि आकडा स्थिर नसेल, बोर्डाजवळ हात नेला की हलत असेल, तर कुठला तरी इनपुट पाय मोकळा लोंबकळतो आहे. रिसेटनंतर सगळे पोर्ट इनपुट असतात. न वापरलेला प्रत्येक पाय आउटपुट करा किंवा आतला पुल-डाउन (ग्राउंडशी जोडणारा रेझिस्टर) लावा. जी२५५३च्या वीस पायांच्या रूपात तर एक छुपी अडचण आहे. पोर्ट ३ आत सिलिकॉनमध्ये आहे, पण त्याचे पाय बाहेर काढलेलेच नाहीत. डोळ्यांना न दिसणारे हे आठ इनपुटही आत मोकळे राहतात, म्हणून पोर्ट ३चे पुल-डाउन प्रोग्रॅममधून चालू करावे लागतात. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) पायांच्या आकृतीखाली तशी एका ओळीची सूचना आहे. ती न वाचल्यामुळे दिवस वाया जातो.

आणखी दोन-तीन खाचखळगे. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर रिसेट करणारा टायमर, रिसेटनंतर आपोआप चालू असतो आणि सुमारे ३२ मिलिसेकंदांत चिप पुन्हा रिसेट करतो, म्हणून पहिल्याच ओळीत त्याच्या रजिस्टरमध्ये हेक्स ५ए८० लिहून तो थांबवायचा. वरचा ५ए हा पासवर्ड आहे. तो चुकला तरी रिसेट. क्रिस्टल लावलेला नसताना टायमर त्याच्यावर टाकला तर तो कधीच पुढे सरकत नाही आणि झोपलेली चिप उठत नाही. अशा वेळी आतला व्हीएलओ ऑसिलेटर निवडावा. तो १२ किलोहर्ट्झचा म्हणतात, पण ४ ते २० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे त्याच्यावर घड्याळ बनवू नये. बटणाच्या इंटरप्टचा फ्लॅग रूटीनमध्ये हाताने पुसावा लागतो, नाहीतर तोच इंटरप्ट अखंड येत राहतो. आणि १६ मेगाहर्ट्झला ३.३ व्होल्ट लागतात. यूएसबीवर धावणारा प्रोग्रॅम ३ व्होल्टच्या सेलवर वेडंवाकडं वागतो तो यामुळे. १.८ व्होल्टपर्यंत चालवायचं असेल तर ६ मेगाहर्ट्झच्या वर जाऊ नये.

रॅम ५१२ बाइट, स्टॅक वरून खाली वाढतो, मध्ये कुंपण नाही. छपाईचं ‘प्रिंटएफ’ फंक्शन वापरलं की स्टॅक ग्लोबल व्हेरिएबलवर चढू शकतो.

बोर्ड नसलेल्या विद्यार्थ्यानेही थांबू नये. जीसीसी कंपायलर मोफत आहे आणि एमएसपीडीबग या मुक्त प्रोग्रॅममध्ये सिम्युलेटर आहे. त्यात एकेक इन्स्ट्रक्शन चालवून प्रत्येक पायरीला सोळाही रजिस्टर पाहता येतात. आर्डुइनोसारखी सोपी आवरणं मात्र पहिले दोन महिने दूर ठेवावीत. त्यात एलईडी लगेच लुकलुकतो, पण क्लॉक, पोर्ट आणि झोप यांतलं काहीच हाताला लागत नाही.

इथून पुढची वाट सोपी आहे. आर्मची कॉर्टेक्स-एम०+ ही खरी लोड-स्टोअर रचना, इन्स्ट्रक्शन ५६. तिथे झोपेसाठी ‘इंटरप्टची वाट पाहा’ अशी वेगळी इन्स्ट्रक्शन आहे, आणि इंटरप्ट बंद ठेवलेले असतानाही ती जागी होते. वर सांगितलेला फ्लॅगचा पेच तिथे अशा पद्धतीने सोडवलेला आहे, आणि ज्याने तो पेच आधी अनुभवला त्यालाच त्यामागचं कारण कळतं. रिस्क-फाइव्हमध्ये एक्स० हे रजिस्टर कायम शून्य असतं. आर३ समजलेल्या मुलाला ते नवं वाटणार नाही. ही रचना अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात २०१०मध्ये सुरू झाली आणि तिची इन्स्ट्रक्शन वापरायला परवाना लागत नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर तिच्यावरच उभे आहेत. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, वेगाचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रात झालं. वेगाच्या तेजस३२ चिपचा एरीज बोर्ड या टप्प्यावर वर्गात यायला हरकत नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना आमची विनंती साधी आहे. ८०५१ लगेच काढू नका, पण निदान सहा प्रयोग सेलवर चालणाऱ्या चिपचे ठेवा. प्रत्येक प्रयोगाच्या वहीत ‘आउटपुट’च्या शेजारी एक रकाना वाढवा: जागेपणीचा प्रवाह, झोपेतला प्रवाह, सेल किती दिवस. डिले लूपने लुकलुकणारा एलईडी आणि टायमर इंटरप्टने लुकलुकणारा एलईडी दिसायला सारखेच दिसतात, त्यांना आज गुणही सारखेच मिळतात. एलईडीचा वाटा वगळून उरलेल्या प्रवाहाला गुण द्या. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ‘प्रोग्रॅम लिहा’ एवढंच न सांगता, झोपेत ८५ मायक्रोअँपिअर खाणारा एक बोर्ड हातात द्या आणि ते कुठे जात आहेत ते तासाभरात शोधायला सांगा.

आपले,
एम्बेडेड क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे